दोन बादल्या

मिरजेत आमच्या गल्लीत
कातडं भिजत घातलेलं नाही असा दिवस नसतो.
बकऱ्याचं, रात्रभर पाण्यात. सकाळी तासायचं,
ताणायचं, गजरा विणायचा, झाली पुडी.
चाळीस वर्षं हेच केलं.
कातड्याला कधी विचारलं नाही, दुखतं का.

ही पाल जुलेखानं आणली.
नर्सिंगला तिच्याबरोबर होती ती लिसम्मा
केरळला परत गेली. जाताना काचेची पेटी, एक दिवा,
अळ्यांचा डबा आणि ही ठिपक्याठिपक्यांची बया
माझ्या दुकानात सोडून.
नाव तिळी.
बायको म्हणाली, शंकेची पाल ऐकून होते,
डब्याबिब्यासकट आलेली पहिल्यांदाच बघते.

पण ही चुकचुकत नाही. भिंतीवर चढत नाही.
हिला पापण्या आहेत.
गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं
की मिटून घेते.

महिन्यातून एकदा हिचा रंग उडतो.
पिवळीधमक असते ती राखाडी होते,
बुरसा धरलेल्या जुन्या डग्ग्यासारखी.
मग अंगात अडकलेला सदरा दातांनी ओढावा
तशी कात काढते
आणि खाऊन टाकते, सगळी.
माझ्या धंद्यात इतका चोख हिशेब
मी कुणाचा पाहिला नाही.

या डिसेंबरात चुकला.
थंडी कोरडी. तिच्या खोपीतली ओली चिंधी
कधी वाळून खडखडीत झाली, कळलं नाही.
कळलं नाही म्हणजे, बघितलं नाही.
सांगलीच्या एका क्लासचे अकरा तबले होते हातात.
पुढच्या उजव्या पायाच्या चार बोटांवर
कात तशीच राहिली,
दोऱ्याचे वेढे आवळावेत तशी.
एक बोट सुजलं. टोक काळं.

जनावरांच्या दवाखान्यात
माझ्यापुढे दोन शेळ्या आणि एक रेडकू.
रेडकाचा मालक डब्यात डोकावला
आणि दोन पावलं मागं सरकला.
डॉक्टर आवटी आधी हसले,
मग चष्मा पुसून लावला आणि गप्प झाले.
म्हणाले, ओढू नका. ओढलीत तर बोट हातात येईल.
कोमट पाणी, अर्धा तास. मग हळू.

हळू. हे मला सांगतात.
वादी ओढून ओढून
ज्याच्या तर्जनीचं पेर कायमचं वाकडं झालं, त्याला.

श्रीखंडाचा डबा, झाकणाला भोकं.
पाण्यात कोपर बुडवून पाहिलं,
जुलेखा तान्ही असताना पाहायचो तसं.
ती रात्रपाळीला होती. शटर अर्धं खाली.
तिळी पोटापर्यंत पाण्यात, नाक वर काढून,
पुढारी फोटोला बसतो तशी बसलेली.

भिजलेलं कातडं कधी सैल पडतं
हे घड्याळाला कळत नाही, बोटांना कळतं.
कान साफ करायच्या काडीनं,
नखाकडून नाही, मुळाकडून,
फिरवत फिरवत.
पहिलं टोपण निघालं. तांदळाच्या कणीएवढं.
दुसरं. तिसऱ्याला पाऊण तास.
मध्ये एकदा तिनं माझ्या अंगठ्याला
तोंड लावून बघितलं, चावली नाही,
चवीपुरतं.

चौथं बोट आठवड्यानं गळालं.
रक्त नाही, काही नाही.
ती त्याच्यावरून चालत गेली
अळी धरायला.

तीन टोपणं मी कागदात बांधून
गट्ट्यांच्या खणात ठेवली.
का ते विचारू नका, बायकोनं विचारून झालंय.

परवा सकाळी पुडीचं कातडं तासताना
हात थांबला.
थांबला एवढंच.
मग तासलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं,
गाडी साडेअकराची होती त्याची.

दुकानात आता दोन बादल्या आहेत.
एकीत कातडं.
दुसरीत एक चिंधी,
रोज संध्याकाळी पिळून, फार नाही,
ओल राहील इतकी.